देवमासा आणि जहाज यांच्या टकरीचा धोका मोजायचा कसा? (कोकण किनारा आणि अरबी समुद्र)

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. मी सांगलीत पदवीच्या वर्गांना संख्याशास्त्र शिकवतो. यंदा आमच्या काही विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी कोकण किनाऱ्यासमोरची जहाजवाहतूक आणि तिच्यामुळे देवमाशांना असलेला टकरीचा धोका हा विषय निवडला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर आलेल्या देवमाशाच्या पिल्लाला पुन्हा खोल पाण्यात नेण्यासाठी चाललेली धडपड त्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिली होती आणि तेव्हापासून हा प्रश्न मनात होता, असे ते सांगतात. त्या पिल्लाचा जहाजांशी काही संबंध होता असे कोणाचेही म्हणणे नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

मुलांनी पहिल्या चर्चेत सुचवलेला मार्ग सरळ होता: किनाऱ्यावर सापडलेल्या मृत देवमाशांची यादी करायची, त्यांपैकी जहाजाने मेलेले किती ते पाहायचे आणि वर्षाची सरासरी काढायची. मला हा मार्ग बंद वाटतो. उत्तर अटलांटिक राइट व्हेल हा बहुधा जगातला सर्वांत बारकाईने मोजला जाणारा देवमासा आहे. त्याचे चारशेहून कमी प्राणी उरले आहेत आणि डोक्यावरच्या खरबरीत चट्ट्यांवरून एकेकाची ओळख पटवता येते. तरीही १९९० ते २०१७ या काळात मेलेल्या राइट व्हेलपैकी फक्त ३६ टक्क्यांचेच मृतदेह हाती लागले, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातही राइट व्हेल अंगातल्या भरपूर चरबीमुळे मेल्यावर तरंगतो, तर निळा देवमासा आणि फिन व्हेल अनेकदा तळाशी जातात. अशा स्थितीत कोकणात सापडलेल्या मृतदेहांच्या मोजणीवरून काही अनुमान काढणे मला धाडसाचे वाटते.

म्हणून धोका तुकड्यातुकड्यांनी मोजावा लागतो. समुद्राच्या नकाशावर चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात देवमाशांची घनता किती, जहाजांनी तिथे एकूण किती अंतर कापले, जहाजाच्या वाटेत देवमासा येण्याची शक्यता किती, तो त्या वेळी जहाजाच्या बुडाइतक्या उथळ पाण्यात असण्याची शक्यता किती, त्याने स्वतःला वाचवण्याची शक्यता किती आणि टक्कर झालीच तर ती प्राणघातक ठरण्याची शक्यता किती, या सगळ्यांचा गुणाकार करायचा. उदाहरणासाठी काही आकडे धरून पाहू. ते मोजलेले नाहीत, केवळ गणित कळावे म्हणून घेतले आहेत. जहाजाची रुंदी ४८ मीटर आणि देवमाशाची लांबी २४ मीटर. देवमाशाचे तोंड कोणत्याही दिशेला असू शकते असे मानले, तर जहाजाच्या वाटेवर त्याची सरासरी आडवी रुंदी लांबीच्या सुमारे ०.६४ पट, म्हणजे १५ मीटर भरते. म्हणजेच जहाज ६३ मीटर रुंदीचा पट्टा झाडत जाते आणि १०० किलोमीटरमध्ये ६.३ चौरस किलोमीटर क्षेत्र त्याच्याखालून जाते. दर हजार चौरस किलोमीटरला एक देवमासा असेल, तर त्या पट्ट्यात ०.००६३ देवमासे आले. त्याचा ३० टक्के वेळ धोक्याच्या खोलीत जातो आणि टक्कर प्राणघातक ठरण्याची शक्यता ०.८ आहे असे धरले, तर एका फेरीमागे ०.००१५ मृत्यू येतात. वर्षाला ५००० फेऱ्या होत असतील, तर साडेसात. देवमाशांपैकी निम्मे स्वतःला वाचवतात असे मानले, तर पावणेचार.

आता घनता हजारात एक ऐवजी दहा हजारांत एक धरून पाहा. सगळे उत्तर एका फटक्यात दहापटीने खाली येते. जहाज कुठे होते हे सेकंदासेकंदाला नोंदले जाते आणि देवमासा कुठे होता हे जवळजवळ कोणालाच ठाऊक नसते, अशी ही विषम साखळी आहे. तिच्यातले कोणते दुवे पक्के मानावेत आणि कोणते कच्चे, याविषयी समुद्राशी प्रत्यक्ष संबंध आलेल्या सभासदांचे मत हवे आहे.

जुना दर्यावर्दी (कोरेगाव)

सर, मी मर्चंट नेव्हीत होतो, आता गावी शेती पाहतो. देवमाशाच्या बाजूचे मला फारसे कळत नाही, पण जहाजाच्या बाजूने दोन गोष्टी सांगू शकतो.

सर्वसाधारण समज असा असतो की ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, माणसे डोळ्यांत तेल घालून उभी असतात, तेव्हा एवढा अवाढव्य प्राणी त्यांना दिसणारच. मोठ्या कंटेनर जहाजाचा ब्रिज पाण्यापासून फार उंच असतो आणि पुढे कंटेनरच्या थप्प्या असतात. जहाजाच्या नाकापुढे समुद्राचा किती भाग ब्रिजवरून झाकला जावा याला ‘सोलास’ या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मर्यादा आहे: जहाजाच्या लांबीच्या दुप्पट किंवा ५०० मीटर, यांतले जे कमी असेल ते. म्हणजे नियम तंतोतंत पाळणाऱ्या ३०० मीटर लांबीच्या जहाजावरूनसुद्धा नाकापुढचे ५०० मीटर पाणी दिसत नसेल, तर ते नियमात बसते. १८ नॉटचा वेग म्हणजे सेकंदाला सव्वानऊ मीटर. ते ५०० मीटर अंतर ५४ सेकंदांत संपते. एक सागरी मैल (सुमारे १.८५ किलोमीटर) आधी देवमाशाच्या श्वासाचा फवारा दिसला असे गृहीत धरले, तरी हाताशी सव्वातीन मिनिटे असतात. तेवढ्या वेळात भरलेले जहाज थांबत नाही. सुकाणू फिरवले तर नाक एका बाजूला वळते, पण मागचा भाग दुसऱ्या बाजूला झोकला जातो आणि प्रोपेलर तिथेच असतो. हे सगळे दिवसाउजेडी आणि शांत समुद्रात. पावसाळ्यात समुद्रभर पांढरे फेस उसळत असताना फवारा वेगळा ओळखणे कर्मकठीण असते आणि रात्री तर प्रश्नच मिटला.

दुसरी गोष्ट टक्कर कळण्याची. छोट्या बोटीला धक्का जाणवतो, माणसे पडतात, सुकाणू मोडते. त्यामुळे तिची नोंद होते. लाखभर टनांच्या जहाजाला काहीही जाणवत नाही. एकदा एका बंदराबाहेर पहाटे आम्ही पायलटची, म्हणजे जहाज बंदरात नेणाऱ्या वाटाड्याची, वाट पाहत होतो. पायलट बोट जवळ आली आणि व्हीएचएफ रेडिओवर विचारणा झाली की, ‘तुमच्या नाकाखाली काय अडकले आहे?’ पुढे जाऊन वाकून पाहिले, तर पाण्याखालच्या बल्बस बोवर, म्हणजे नाकाच्या फुगीर भागावर, देवमासा आडवा पडला होता, घडी घातलेल्या घोंगडीसारखा दोन्ही बाजूंना लोंबत. तो केव्हा लागला, कुठल्या समुद्रात लागला, लागला तेव्हा जिवंत होता की आधीच मेलेला होता, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर जहाजावरच्या कोणालाही देता आले नाही. जहाज मागे घेतल्यावर तो सुटून बुडाला. बंदरात येताना बोवर फिन व्हेल किंवा सेई व्हेल आढळल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. मे २०२१ मध्ये सॅन दिएगोला ऑस्ट्रेलियन नौदलाच्या ‘सिडनी’ या युद्धनौकेखालून दोन फिन व्हेल निघाले होते. तिथे तर नौदलाची प्रशिक्षित नजर होती. तेव्हा जहाजांनी स्वतः कळवलेल्या टकरींवर तुमच्या मुलांनी भिस्त ठेवू नये.

घाटमाथा (पाटण)

विषय चांगला आहे, पण समुद्रापासून इतक्या लांब बसून सांगली-साताऱ्याच्या मुलांनी हे करावे, असे काय आहे? रत्नागिरी-मालवणच्या महाविद्यालयांना हे काम अधिक शोभले नसते का?

कृष्णाकाठ (सांगली)

@घाटमाथा, त्यांनी जरूर करावे. आमचा बेदाणा, हळद, द्राक्षे आणि साताऱ्याच्या एमआयडीसीतले सुटे भाग न्हावाशेवाहून ज्या जहाजांनी जातात, त्याच जहाजांचा हा हिशेब आहे, एवढे कारण मला पुरेसे वाटते. शिवाय जहाजांची एआयएस माहिती (जहाज आपली जागा, वेग वगैरे रेडिओवरून आपोआप कळवते ती) सांगलीतल्या संगणकावरही तशीच दिसते.

गणिताची गोम मात्र आपल्या रस्त्यांवरून चांगली कळते. गळीत हंगामात रात्री कराड-तासगाव रस्त्याने रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या चालतात. अपघाताचा धोका म्हणजे ट्रॉल्यांची संख्या नव्हे आणि मोटारींची संख्याही नव्हे. दोन्ही एकाच वेळी एकाच रस्त्यावर असणे, मागच्याला पुढचे न दिसणे आणि मागच्याचा वेग, हे तिन्ही एकत्र आले की धोका ठरतो. ट्रॉल्या भरपूर पण रस्ता ओस, किंवा मोटारी भरपूर पण कारखाना बंद, अशा दोन्ही रात्री निर्धोक असतात. म्हणून मी मुलांना जहाजांच्या गर्दीचा नकाशा हाच धोक्याचा नकाशा म्हणून काढू देत नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

सर, एक शंका आहे. सगळीकडे वेग कमी करण्याचा उपाय सांगितला जातो. अमेरिकेने डिसेंबर २००८ पासून राइट व्हेलच्या ठरावीक पट्ट्यांत ठरावीक हंगामात ६५ फूट किंवा त्याहून लांब जहाजांना १० नॉटची मर्यादा घातली आहे. पण जहाज हळू गेले, तर ते त्या पट्ट्यात जास्त वेळ राहणार, म्हणजे देवमासा त्याच्यासमोर येण्याची संधी वाढणार नाही का? एका ठिकाणी हा आक्षेप वाचला आणि तो मला बिनतोड वाटला.

कृष्णाकाठ (सांगली)

आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो, पण आकडे घातले की त्याचा जोर ओसरतो. देवमासा एका जागी स्थिर आहे असे मानले, तर जहाजाने झाडलेला पट्टा अंतरावर अवलंबून असतो, वेळेवर नव्हे. ६३ मीटर गुणिले १०० किलोमीटर हे वेग काहीही असला तरी तेवढेच राहते. देवमासा स्वतः पोहतो म्हणून थोडी भर पडते. त्याचा वेग ३ नॉट आणि दिशा कोणतीही धरली, तर जहाज १० नॉटने जाताना गाठभेटी सुमारे सव्वादोन टक्क्यांनी वाढतात आणि २० नॉटने जाताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणजे वेग निम्मा करण्याची किंमत दोन टक्क्यांहूनही कमी आहे.

त्याच्या बदल्यात काय मिळते ते पाहा. व्हँडरलान आणि टॅगार्ट या संशोधकांनी २००७ मध्ये वेग आणि मृत्यूची शक्यता यांचा जो वक्र मांडला, त्यात ८.६ नॉटला ही शक्यता ०.२१ आहे, ११.८ नॉटच्या खाली ती निम्म्याहून कमी होते, १५ नॉटला ०.७९ होते आणि त्यापुढे ती एककडे सरकत जाते. त्याच सूत्रात १० नॉट घातले तर ०.३१ आणि १८ नॉट घातले तर ०.९२ येते. दोन टक्के देऊन तिपटीचा फरक पदरात पडतो.

या वक्राविषयी माझ्या मनात मात्र पूर्ण विश्वास नाही. तो ज्या टकरींवर बेतला आहे, त्यांची संख्या थोडी होती, आणि वेग व परिणाम दोन्ही ठाऊक असलेल्या टकरी म्हणजे मुख्यतः लोकांच्या लक्षात आलेल्या टकरी. कप्तानसाहेब म्हणतात तशी ज्यांना काही जाणवलेच नाही, ती जहाजे त्यात कुठून येणार? शिवाय आघाताचे यांत्रिक गणित मांडणाऱ्या नंतरच्या अभ्यासांनुसार फार जड जहाजाची टक्कर १० नॉटलाही प्राणघातक ठरू शकते, आणि ते पटण्यासारखे आहे, कारण देवमाशाच्या वजनाने असे जहाज मंदावत नाही. म्हणून मुलांनी हा वक्र वेगांची आपापसांत तुलना करण्यासाठी वापरावा. ‘इतके देवमासे वाचतील’ अशी हमी देण्यासाठी नव्हे.

मीनशास्त्र (सातारा)

सर, मी रत्नागिरीत मत्स्यशास्त्र शिकले आहे, घर साताऱ्याचे. सर्वांत कच्चा दुवा घनतेचा आहे हे आपले म्हणणे मान्य आहे. फक्त ‘काहीच ठाऊक नाही’ असा अर्थ मुलांनी घेऊ नये.

आपल्या बाजूला प्रामुख्याने तीन जातींचा विचार करावा लागेल. ब्राइड्स व्हेल किनाऱ्याच्या त्यातल्या त्यात जवळ दिसतो. निळा देवमासा सहसा समुद्रबूड जमिनीच्या कडेला, जिथे तळ एकदम खोल जातो तिथे, अन्न शोधतो. तरी २०१५ मध्ये रेवदंड्याला एक निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागून मेला होता, आणि त्याच वर्षी सिंधुदुर्गासमोर निळे देवमासे दिसल्याच्या नोंदी झाल्या. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन रुंद आहे आणि दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते, त्यामुळे वेंगुर्ल्यासमोरचा चौकोन आणि मुंबईसमोरचा चौकोन किनाऱ्यापासून सारख्याच अंतरावर असले, तरी त्यांना एकच घनता देणे चूक ठरेल. तिसरा अरबी समुद्रातला हंपबॅक. हंपबॅक सर्वत्र ध्रुवाकडे स्थलांतर करतात, पण हा गट वर्षभर अरबी समुद्रातच राहतो आणि सुमारे ७०,००० वर्षे इतरांपासून तुटलेला आहे असे जनुकीय अभ्यास सांगतो. ओमानच्या किनाऱ्यावरच्या छायाचित्र-ओळखीवरून काढलेला अंदाज ८२ प्राण्यांचा होता. ओमानला उपग्रह-टॅग लावलेली ‘लुबान’ नावाची मादी २०१७ च्या डिसेंबरात अरबी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे आली आणि पार दक्षिण टोकापर्यंत गेली. म्हणजे ओमानचे प्राणी ओमानचेच आणि आपले आपलेच, अशी विभागणी करता येत नाही.

घनतेसाठी जुना आणि अप्रिय असा एक स्रोत आहे. साठच्या दशकात सोव्हिएत शिकारी ताफ्यांनी अरबी समुद्रात बेकायदेशीर शिकार केली. एकट्या नोव्हेंबर १९६६ मध्ये त्यांनी दोनशेहून जास्त हंपबॅक मारले, आणि निळ्या देवमाशांची संख्या तर त्याहून कितीतरी मोठी होती. ती कागदपत्रे पुढे उजेडात आली. कोणत्या महिन्यात कुठे किती प्राणी मिळत होते, हे त्यांवरून कळते. आजची संख्या त्यांवरून काढता येणार नाही, पण पसंतीच्या जागांचा अंदाज नक्की येतो.

दुसरा स्रोत मच्छीमारांचा. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडला, तर भरपाई देण्याची योजना राज्यात २०१८ पासून आहे आणि तिच्यामुळे मोबाइलवर छायाचित्रे काढण्याची सवय किनाऱ्यावर रुजली आहे. परंतु इथे एक सापळा आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत कोणी देवमासा पाहिला नाही याचा अर्थ पाहणारे घरी होते, एवढाच. नेमक्या त्याच काळात नैर्ऋत्य वारे भरसमुद्रातले मृतदेह आपल्या किनाऱ्याकडे लोटत असतात. त्यामुळे जिवंत दिसण्याच्या नोंदी आणि मृतदेहांच्या नोंदी महिन्यावार शेजारी ठेवल्या, तर त्या एकमेकींशी भांडताना दिसतील. मुलांनी त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये.

मृतदेहांविषयी आणखी थोडे. शिकत असताना एका किनाऱ्यावर कुजत चाललेला देवमासा पाहिला होता. दुर्गंधीमुळे गावकरी हवालदिल झाले होते आणि जेसीबी खड्डा खणून तयार होता. बरोबरच्या पशुवैद्यांनी मोजक्या वेळात एका बाजूची चरबी कापून आतले स्नायू पाहिले. जिवंतपणी मार बसला असेल तर मोडलेल्या हाडाभोवती रक्त साकळून स्नायू काळपट, गोठल्यासारखे झालेले असतात. मेल्यानंतर जहाज लागले असेल तर हाड मोडते, पण भोवतालचे मांस फिकट राहते. प्रोपेलरचे घाव समांतर आणि ठरावीक अंतरावर असतात. बाहेरून अंग धड दिसत असले तरी आत फासळ्यांचा चुरा असू शकतो, म्हणून कापल्याशिवाय कारण सांगता येत नाही. त्या दिवशी दुसरी बाजू वाळूत होती आणि ती तपासायच्या आत खड्डा बुजवला गेला. नोंदवहीत ‘कारण अज्ञात’ असे लिहिलेल्या देवमाशांना ‘जहाजाने न मेलेले’ समजू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

तासगावची बाग (तासगाव)

सर्वांचे विवेचन वाचले. मी द्राक्षे युरोपला पाठवतो, त्यामुळे माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. प्रीकूलिंग करून शून्य अंशाच्या आसपास कंटेनरमध्ये भरलेला माल जितका लांबेल तितके देठ वाळतात, मणी गळतात आणि तिकडच्या बाजारात भाव पडतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा प्रवासात दहा-पंधरा दिवसांची भर पडली आणि त्याची झळ आम्ही सोसली. आता देवमाशांसाठी वेग कमी करा असे म्हटले, तर त्याचा भार अखेर बागायतदारावरच येणार. देवमाशाशी माझे वैर नाही, परंतु धोक्याच्या गणितात हा रकानाही असावा.

जुना दर्यावर्दी (कोरेगाव)

@तासगावची बाग, दादा, रकाना असावाच. तो भरून पाहू. १०० सागरी मैलांच्या पट्ट्यात १८ ऐवजी १० नॉटने गेल्यास साडेपाच तासांऐवजी दहा तास लागतील; म्हणजे साडेचार तासांची भर. आफ्रिकेच्या वळशाच्या तुलनेत हे काहीच नाही आणि बंदराबाहेर नांगर टाकून धक्क्याची वाट पाहण्यात याहून जास्त वेळ जातो. शिवाय इंजिनाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेग १० टक्क्यांनी उतरवला तर तेवढेच अंतर कापायला इंधन सुमारे १९ टक्क्यांनी कमी लागते. कंपन्या तेल महागले की स्वतःहून वेग उतरवतात, तेव्हा कोणी देवमाशाचे नाव घेत नाही.

पण वेगापेक्षाही चांगला उपाय म्हणजे वाट बदलणे, आणि तो फक्त तिथेच चालतो जिथे देवमासे कुठे असतात हे पक्के ठाऊक असते. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, डोंड्रा हेडजवळ, समुद्रबूड जमीन अगदी अरुंद आहे. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ खोल जातो, तिथे निळे देवमासे चरतात आणि आखाताकडून पूर्वेकडे जाणारी जवळजवळ सगळी वाहतूक नेमकी त्यावरून जाते. वाट १५ सागरी मैल दक्षिणेकडे सरकवली तर धोका ९५ टक्क्यांनी घटेल, असा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने काढला. एमएससी या मोठ्या कंटेनर कंपनीने २०२२ मध्ये आपली जहाजे स्वतःहून दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. तिथे किनाऱ्यालगत मासेमारीच्या आणि देवमासे दाखवायला नेणाऱ्या बोटींची दाटी असते, त्यामुळे वाट लांबवली तर आमच्यासारख्यांनाही सुटल्यासारखे वाटते. त्याआधी कॅनडाने २००३ मध्ये फंडीच्या उपसागरातले आणि अमेरिकेने २००७ मध्ये बॉस्टनजवळचे जहाजमार्ग याच कारणासाठी हलवले होते.

कोकणासमोर तसे करावे का, याचे उत्तर मी आज देणार नाही. वाट कडेकडे सरकवली तर मच्छीमारांच्या जाळ्यांपासून जहाज दूर जाईल, पण ताई म्हणतात ती निळ्या देवमाशाची जागा नेमकी तिथेच असू शकते. ब्राइड्स वाचवायला जावे आणि निळ्याच्या अंगावर जावे, असा प्रकार व्हायला नको.

कृष्णाकाठ (सांगली)

कप्तानसाहेबांच्या शेवटच्या वाक्यामुळे प्रकल्पाचा आराखडा बदलतो आहे. वर्षाला किती देवमासे मरतात हा प्रश्न मी मुलांना सोडायला सांगणार आहे. घनतेतली दहापटीची अनिश्चितता तशीच्या तशी त्या उत्तरात उतरते आणि छापलेला आकडा मात्र लोक दशांशासह उद्धृत करतात. त्याऐवजी, वाट अशी नेली किंवा वेग इतका ठेवला, तर धोका आजच्या किती पट होईल, हे विचारावे. सगळ्या चौकोनांतली घनता एकाच प्रमाणात चुकली असेल, तर भागाकारात ती चूक निघून जाते. श्रीलंकेचा ९५ टक्क्यांचा आकडा त्याच जातीचा आहे. घनतेचा नकाशाच आकाराने चुकला असेल, म्हणजे जिथे जास्त मानले तिथे कमी निघाले, तर मात्र भागाकारही वाचवू शकत नाही. म्हणून तीन जातींचे तीन वेगळे नकाशे करावे लागतील आणि प्रत्येकाला दोन-तीन वेगवेगळे आकार देऊन पाहावे लागतील. ज्या पर्यायाने तिघांचाही धोका सर्व आकारांत घटतो, तोच सुचवण्याच्या लायकीचा.

अरबी समुद्रातल्या हंपबॅकचा विचार वेगळा करावा लागेल. किती मृत्यू सोसता येतील हे ठरवण्यासाठी अमेरिकेत एक साधे सूत्र वापरतात: संख्येचा किमान अंदाज, वाढीच्या कमाल दराचा निम्मा भाग आणि सावधगिरीचा गुणक यांचा गुणाकार. देवमाशांसाठी कमाल दर सहसा ४ टक्के धरतात आणि संकटग्रस्त जातींसाठी गुणक ०.१. किमान अंदाज ७० धरला तर ७० गुणिले ०.०२ गुणिले ०.१, म्हणजे ०.१४. जहाज, जाळे, सगळी मानवी कारणे मिळून सात वर्षांत एक मृत्यू. बागायतदारांच्या रकान्यासमोर हा रकाना ठेवल्यावर साडेचार तासांविषयी माझे मत काय असेल, हे वेगळे सांगायला नको. अर्थात ते तास कोणत्या पट्ट्यात खर्च करायचे, हे कळल्याशिवाय त्यांची मागणी करणे मलाही पटत नाही.

मीनशास्त्र (सातारा)

सर, ‘धोक्याच्या खोलीतला वेळ’ या दुव्यात दिवस आणि रात्र वेगळी ठेवावी. कॅलिफोर्नियात टॅग लावलेले निळे देवमासे दिवसा खोल बुड्या मारून अन्न खातात आणि रात्री बराच काळ पृष्ठभागाजवळ राहतात असे दिसले आहे. जहाज जवळ आल्यावर त्यांची प्रतिक्रियाही मंद असते. ते बाजूला पळत नाहीत, सावकाश, सेकंदाला अर्धा मीटर या गतीने खाली जातात. म्हणजे १४ मीटर खोल बुडालेल्या जहाजाखालून सुटायला जवळपास अर्धे मिनिट हवे, आणि त्यांना जहाजाची चाहूल केव्हा लागते यावर सगळे अवलंबून. प्रोपेलर मागे असल्यामुळे नेमका नाकासमोर आवाज दबलेला असतो. ‘निम्मे वाचतात’ हे गृहीत धरण्यापेक्षा हा गुणक शून्यापासून निम्म्यापर्यंत बदलून पाहावा, असे सुचवते.

जुना दर्यावर्दी (कोरेगाव)

ताईंच्या १४ मीटरवरून आठवले. एआयएसमध्ये जहाज किती बुडाले आहे तो आकडा माणूस हाताने भरतो, आणि बंदर सोडताना तो बदलायचा राहून गेलेला मी अनेकदा पाहिला आहे. रिकामे जहाज कागदोपत्री भरलेले दिसते आणि भरलेले रिकामे. मुलांनी तो आकडा जसाच्या तसा न घेता जहाजाचा प्रकार आणि ते कुठून कुठे चालले आहे यांच्याशी ताडून पाहावा. न्हावाशेवाहून निघालेले कंटेनर जहाज आणि कोळसा उतरवून जयगडहून निघालेले बल्क जहाज यांत फार फरक असतो. तसेच एआयएसमधला वेग हा जमिनीच्या सापेक्ष असतो. देवमासा पाण्याबरोबर वाहतो, त्यामुळे टकरीला लागू होतो तो पाण्यातला वेग. आपल्या किनाऱ्यावर प्रवाह सहसा एका नॉटच्या आत असतो, म्हणून फार बिघडत नाही, पण ११ ते १३ नॉटच्या दरम्यान तो वक्र चढा आहे आणि तिथे एक नॉटसुद्धा मोजण्यात येतो. मुलांनी नमुन्यासाठी काही जहाजांच्या नोंदी काढल्या, तर त्या मला पाठवाव्यात; कोणती आकडेवारी जहाजावर खरोखर शक्य आहे आणि कोणती नाही, ते मी पाहून सांगेन.